ईएलसीबीचा खटका वर राहतच नाही, सगळे एमसीबी खाली असले तरी पडतो

चिरेबंदी_शहापूर

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला घर आहे. खालचा मजला जुना, चिऱ्याच्या भिंतींचा; वरचा नंतर बांधलेला. खालच्या डीबीत (विजेच्या वाटपाच्या पेटीत) ४० ॲम्पियर, ३० मिलिॲम्पियरचा दोन पोलचा आरसीसीबी आहे, म्हणजे आपण सगळे ज्याला ईएलसीबी म्हणतो तो, वीज गळली की पडणारा खटका. त्याच्या पुढे आठ सिंगल पोल एमसीबी, म्हणजे एकेका सर्किटचे जादा करंटला पडणारे खटके.

पाऊस लागल्यापासून हा खटका पडूलालाय. आधी मधूनच पडायचा आणि वर केला की राहायचा. आता वर ढकलला की टक करून लगेच खाली. सगळे एमसीबी खाली करून बघितलं तरी तेच. पुढे काही चालूच नसेल तर गळती होते कुठून, हे कळत नाही.

खालच्या डीबीवर स्वयंपाकघर, फ्रीज, पुढचे-मागचे लाईट, वॉशिंग मशीन, परसातल्या विहिरीची १ हॉर्सपॉवरची मोटर आणि गच्चीवरच्या सोलर टाकीतला २ किलोवॅटचा बॅकअप हीटर एवढं आहे. इन्व्हर्टर खालच्या प्लगवर आहे, त्याच्यावर दोन्ही मजल्यांचे काही लाईट आणि पंखे. वरच्या मजल्याला वेगळा आरसीसीबी उन्हाळ्यात बसवला. तेव्हापासून इन्व्हर्टरवरचे वरचे लाईट लावले की दोन्ही मजल्यांचे खटके पडतात, म्हणून ते लाईट बंदच ठेवलेत. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का तेही माहीत नाही.

बघायला आलेल्या वायरमनने दोन उपाय सांगितले: आरसीसीबी बायपास करायचा, नाहीतर १०० मिलिॲम्पियरचा बसवायचा. घरात मल्टिमीटर आणि टेस्टर आहे, मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) नाही. कोणत्या क्रमाने तपासावं?

न्यूट्रलची_पट्टी

सगळे एमसीबी खाली असताना पडतो ही फार उपयोगाची खूण आहे. शोधायची जागा तिथेच निम्म्याने कमी झाली.

आरसीसीबी वीज किती वाहते ते मोजत नाही. फेजमधून गेलेला करंट तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच बघतो. दोन्ही तारा आतल्या एका चुंबकी कड्यातून जातात. फरक पडला की कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि खटका सुटतो. ३० मिलिॲम्पियरचा खटका १५ पर्यंत पडता कामा नये आणि ३० ला पडलाच पाहिजे.

आता तुमचे एमसीबी सिंगल पोल आहेत. ते फक्त फेज तोडतात. आठही सर्किटच्या न्यूट्रल तारा पट्टीवर तशाच जोडलेल्या राहतात. त्यातली एखादी कुठे अर्थच्या तारेला किंवा लोखंडी बॉक्सला टेकली असेल तर एमसीबी खाली असून उपयोग नाही. खांबावरून आलेल्या न्यूट्रलवर, आसपासच्या घरांच्या लोडमुळे, जमिनीच्या मानाने थोडे व्होल्ट असतातच. समजा २ व्होल्ट आहेत आणि तुमच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहम आहे, तर १०० मिलिॲम्पियर वाहतात. खटका पडायला तेवढे पुष्कळ झाले.

इथे एक बारकावा लक्षात घ्या, त्याने बराच वेळ वाचेल. नुसत्या ओलीचा रेझिस्टन्स काही हजार ओहम असतो. २ व्होल्टवर ५ हजार ओहममधून अर्धा मिलिॲम्पियरही जात नाही. म्हणून एमसीबी खाली असताना पडणारा खटका नुसत्या ओल्या भिंतीमुळे पडत नाही. न्यूट्रल तार उघडी पडून अर्थला जवळजवळ थेट टेकलेली असणार, किंवा हीटरसारख्या वस्तूच्या न्यूट्रल टोकाजवळ बिघाड असणार. दुसरी शक्यता डीबीतच आहे: आरसीसीबी आणि एमसीबी यांच्यामधली बसबारची पट्टी एमसीबी खाली असतानाही जिवंत असते. गच्चीवरून येणाऱ्या पाईपमधून डीबीत पाणी झिरपत असेल, किंवा मोटरची तार कोणी एमसीबी सोडून थेट बसबारला जोडली असेल, तरी हेच होतं. डीबीचं झाकण काढून आधी हे डोळ्यांनी बघा.

काम सुरू करण्याआधी आरसीसीबीच्या अलीकडचा डबल पोल मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर बंद करून त्याची पिन काढा आणि त्याच्या आउटपुटच्या तारा सोडवा. मेन बंद असला तरी इन्व्हर्टर लाईटच्या फेजवर २३० व्होल्ट टाकत असतो. हे विसरल्यामुळे अनुभवी हातांनाही शॉक बसतो. वीज नाही याची खात्री निऑन टेस्टरने करू नका. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी चालू जागी आकडा येतो का बघा, मग बंद केलेल्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजा, मग पुन्हा चालू जागी बघा. मेन स्विच नसेल आणि मीटरचं सील तोडावं लागणार असेल तर तिथेच थांबा. सीलला हात लावायचा अधिकार हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा आहे, १९१२ या नंबरवर कळवा.

आता खुद्द आरसीसीबी. पडल्यावर पुष्कळ मॉडेलांचा दांडा मध्येच थांबतो. तो आधी पूर्ण खाली दाबायचा आणि मग वर करायचा, नाहीतर आतली स्प्रिंग भरतच नाही आणि खटका धरत नाही. त्यानंतर त्याच्या खालच्या बाजूच्या, घराकडे जाणाऱ्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा काढून सुट्या टोकांना टेप लावा. वीज नसताना दांडा वर करा. आपल्याकडे घरांत बसणारे बहुतेक आरसीसीबी यांत्रिक असतात, ते वीज नसतानाही वर राहायला हवेत. नाही राहिला तर आतला भाग गेलाय, बदला. राहिला तर मेन चालू करा. मेन चालू करताच पडला, तरी दोष त्याच्यातच. टिकला तर टेस्टचं बटण दाबा, लगेच पडला पाहिजे. बटण सेकंदभरच दाबायचं. धरून ठेवलं तर आतला रेझिस्टर जळतो. इथपर्यंत सगळं नीट झालं तर आरसीसीबी शाबूत आहे आणि दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे.

मग मेन परत बंद. न्यूट्रल पट्टीवरच्या प्रत्येक तारेला कागदी टेप लावून क्रमांक लिहा आणि सगळ्या तारा पट्टीवरून सोडवा. घरातली प्रत्येक पिन सॉकेटमधून बाहेर काढा. स्विच बंद करून भागत नाही, स्विचही फक्त फेजच तोडतो आणि वस्तूचं न्यूट्रल जोडलेलंच राहतं. आता मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक अर्थच्या पट्टीवर आणि दुसरं एकेका न्यूट्रल तारेवर. चांगल्या तारेवर मीटर काही दाखवणार नाही किंवा लाखांत ओहम दाखवेल. दोनशे-तीनशे ओहमच्या खाली आकडा आला की ते सर्किट सापडलं. एकच असेल असं धरून चालू नका, आठही मोजा.

मल्टिमीटर इथे चालतो कारण आपण थेट टेकलेली तार शोधतोय. ओलीमुळे होणारी गळती त्याच्या ९ व्होल्टच्या बॅटरीला दिसत नाही, त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगरच लागतो.

परसातला_अर्थ

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त त्या दोन उपायांबद्दल लिहितो, कारण ते ऐकून कोणी तसं करू नये असं मनापासून वाटतं.

३० हा आकडा माणसाच्या शरीरावरून ठरलेला आहे. १० मिलिॲम्पियरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या वर करंट शरीरातून वाहत राहिला तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका सुरू होतो. १०० आणि ३०० मिलिॲम्पियरचे आरसीसीबी आग टाळण्यासाठी, मोठ्या इमारतीच्या मेनवर बसवायचे असतात. बाथरूमच्या सर्किटला १०० चा बसवणं म्हणजे माणसाच्या अंगातून १०० मिलिॲम्पियर जाईपर्यंत वाट बघणं.

बायपास केलं तर एमसीबी वाचवेल असं लोकांना वाटतं. हिशोब करून बघा. मोटरच्या बॉडीला फेज टेकला आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहम असेल तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा ॲम्पियर जातील. १६ ॲम्पियरचा एमसीबी यावर कधीच पडणार नाही. मोटरची बॉडी, पाईप, त्या पाईपवरचा नळ, सगळं तासन् तास जिवंत राहील.

आपल्या भागात हे जास्तच लागू आहे. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरकडे तर सगळीकडे, जांभ्याचा थर. तो उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो. एप्रिल-मे मध्ये खड्ड्यात पाणी न घालता ठेवलेलं अर्थिंग पुष्कळ ठिकाणी नावालाच उरतं. अशा अर्थिंगवर एमसीबी तर सोडाच, फ्यूजही उडत नाही. आरसीसीबीचं मात्र तिथेही चालतं: बॉडीवर ५० व्होल्टच्या वर चढू द्यायचे नाहीत असं धरलं तर ३० मिलिॲम्पियरला अर्थिंग १६०० ओहमपर्यंत असलं तरी तो पडतो. म्हणून चांगल्या अर्थिंगची गरज संपते असं नाही, पण खराब जमिनीत जीव वाचवणारी वस्तू हीच.

दोष बहुतेक वेळा पावसाळ्यातच का उघडा पडतो याचंही कारण यातच आहे. भिंत ओली होते आणि त्याच वेळी जमीनही ओली होऊन अर्थिंग सुधारतं. बिघाड उन्हाळ्यातही असू शकतो, फक्त करंटला परतीची वाट नसते.

आणखी एक. खटका पडू नये म्हणून कुणी अर्थची तार सोडवून ठेवतात, किंवा सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडतात. दुसरं तर फारच वाईट. खांबावर न्यूट्रल तुटलं की घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूच्या बॉडीवर फेज येतो. तुमच्याकडे जुन्या बोर्डांमध्ये असं कुठे केलेलं असेल तर तेही तपासात सापडेल.

चिरेबंदी_शहापूर

दोघांचे आभार. सांगितल्याप्रमाणे केलं. आरसीसीबी एकटा ठेवल्यावर वर राहतो, टेस्टला पडतो, म्हणजे तो ठीक. न्यूट्रल तारांपैकी सहा तारांवर मीटर काही दाखवत नाही. मागच्या बाथरूमच्या तारेवर ३८ ओहम. परसातल्या लाईट आणि मोटरच्या तारेवर साधारण ४ लाख ओहम, आकडा हलत राहतो. या दोन तारा पट्टीबाहेर आणि त्यांचे एमसीबी खाली ठेवून बाकीचं चालू केलं, खटका व्यवस्थित वर राहिला. फ्रीज चालू झाला, जीव भांड्यात पडला.

बाथरूमच्या सर्किटवर दोन लाईट, एक प्लग आणि सोलरचा बॅकअप हीटर. प्लगमध्ये काही नाही. हीटरला पिन नाही, गच्चीवरून तीन कोअरची केबल थेट बोर्डातल्या १६ ॲम्पियरच्या स्विचला आली आहे. पुढे काय करू?

गच्चीवरचा_सोलर

३८ ओहम आणि सोलरचा बॅकअप हे ऐकलं की आधी टाकीकडे बघायचं. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गच्चीवर सोलर आहे आणि बॅकअप हीटर उन्हाळाभर वापरात नसतो. मृग लागून ऊन गेलं की तो चालू केला जातो, तेव्हा आत काय झालंय ते कळतं.

पण आधी खात्री करा. मेन बंद ठेवून बाथरूमच्या बोर्डात हीटरच्या केबलची न्यूट्रल तार वेगळी करा, स्विच बंद असला तरी. तुमचा स्विच सिंगल पोल आहे, त्यामुळे हीटरचं न्यूट्रल कायम जोडलेलं आहे. मग डीबीत त्या सर्किटची न्यूट्रल तार पुन्हा मोजा. आकडा गेला तर दोष केबल किंवा टाकीत. ३८ तसेच राहिले तर बाथरूमच्या वायरिंगमध्ये.

वायरिंगमध्ये असेल तर तोडत जाण्याची पद्धत वापरा. सर्किटच्या मधल्या बोर्डात न्यूट्रलची जोडणी सोडवा आणि दोन्ही बाजू अर्थशी मोजा. दोषाची बाजू निम्मी झाली, तिची परत निम्मी. नेहमी सापडणाऱ्या जागा अशा: मॉड्युलर प्लेटचा लांब स्क्रू बॉक्समधल्या तारेत घुसलेला, पत्र्याच्या बॉक्सच्या धारेने इन्सुलेशन कापलेलं, आरशासाठी किंवा टॉवेलच्या दांड्यासाठी ड्रिल मारताना आतल्या पाईपला भोक पडलेलं. बॉक्समध्ये पाल किंवा मुंग्यांचं वारूळ निघणंही नवीन नाही.

टाकीकडे असेल तर गच्चीवर जा, पाऊस थांबलेला असताना, मेन बंद आणि टेप लावून ठेवलेला असताना. टाकीच्या बाजूला थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं झाकण असतं. ते उघडा. केबल वरून आत आली असेल तर पाणी तिच्या अंगावरून ओघळत थेट आत जातं. आत गंज, हिरवट झालेल्या पितळी पट्ट्या, उन्हाने तडकलेलं केबलचं वरचं आवरण, यातलं काहीतरी दिसेलच.

हीटरच्या दोन्ही टोकांवरच्या तारा काढून दोन मापं घ्या. टोक ते टोक, २ किलोवॅटच्या कॉईलचे साधारण २६ ओहम यायला हवेत. मग प्रत्येक टोक ते टाकीची बॉडी, इथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. एका टोकाकडून बॉडीला कमी आणि दुसऱ्याकडून त्यात २६ पर्यंत भर पडून आकडा येत असेल तर कॉईल आत नळीला टेकली आहे, कोणत्या टोकाजवळ टेकली तेही त्यावरून कळतं. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात कॉईलच्या नळीवर थर बसतो, नळी जास्त तापते आणि तिला बारीक भोक पडतं. अशी कॉईल बदलायचीच.

परसातल्या ४ लाख ओहमच्या तारेलाही सोडू नका. ती आजच्या खटक्याचं कारण नाही, पण चांगल्या कोरड्या तारेवर मीटर आकडा दाखवत नाही. हलणारा आकडा म्हणजे बहुतेक पाणी. विहिरीच्या मोटरच्या केबलचा जोड आणि परसातल्या दिव्याचा बॉक्स, या दोनच जागा. मोटरची टर्मिनल पेटी उघडून आत दव आहे का बघा. जोड जमिनीवर पडलेला असेल आणि त्यावर नुसती काळी पीव्हीसी टेप असेल तर ती आजच काढा. आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, निम्मी-निम्मी चढवत गुंडाळायची, त्यावर पीव्हीसी टेप, आणि जोड जमिनीपासून वर टांगायचा. पाण्यात बुडणारा जोड असेल तर त्याला सबमर्सिबलचा आकसणारा स्लीव्ह किंवा रेझिनचा किटच हवा.

दोन_मजले

इन्व्हर्टरवाल्या तक्रारीबद्दल. तिचा ओलीशी किंवा पहिल्या दोषाशी काही संबंध नाही, ती जोडणीची चूक आहे आणि दोन आरसीसीबी असलेल्या पुष्कळ घरांत असते.

घरातल्या इन्व्हर्टरवरून सहसा फक्त फेजची तार लाईटकडे नेतात, न्यूट्रल घरातलंच वापरतात. आरसीसीबी एकच असेल तोवर चालून जातं. तुमच्याकडे इन्व्हर्टरची पिन खालच्या प्लगमध्ये आहे, म्हणजे फेज खालच्या आरसीसीबीतून येतो. तो वरच्या दिव्यातून जातो आणि न्यूट्रल वरच्या डीबीच्या पट्टीवर, म्हणजे वरच्या आरसीसीबीतून परततं. खालच्याला गेलेला करंट परत आलेला दिसत नाही, वरच्याला न गेलेला करंट परत येताना दिसतो. दोघंही बरोबर वागतात आणि दोघंही पडतात. ९ वॅटचा एकच एलईडी बल्ब ३९ मिलिॲम्पियरच्या वर घेतो, त्यामुळे एक दिवा लावला तरी पुरे. वीज गेलेली असतानाही पडतात, कारण बॅटरीवरचा करंट दोन्ही आरसीसीबींच्या न्यूट्रल पोलमधूनच फिरून इन्व्हर्टरकडे येतो.

उपाय महागडा नाही. वरच्या मजल्यावरच्या इन्व्हर्टरवरच्या सर्किटांची न्यूट्रल तार वरच्या पट्टीवरून काढायची आणि स्वतंत्र अडीच स्क्वेअर एमएमच्या काळ्या तारेने खालच्या डीबीच्या न्यूट्रल पट्टीवर आणायची. इन्व्हर्टरवरच्या लाईटचं न्यूट्रल आणि त्याच बोर्डातल्या प्लगचं न्यूट्रल मध्येच एकत्र जोडलेलं नाही ना, हे बोर्ड उघडून बघायचं. वेळखाऊ काम असेल तर तेच. मीटरने तपासता येतं: दोन्ही डीबींच्या न्यूट्रल तारा पट्टीवरून सोडवून, पिना काढून, सगळे लाईटचे स्विच बंद करून, खालची एकेक न्यूट्रल वरच्या एकेकीशी मोजा. मीटर वाजला की कुठेतरी गाठ आहे.

काम झालं की वरच्या डीबीच्या झाकणावर आत लिहून ठेवा की या सर्किटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही खालून येतात. नाहीतर पुढचा वायरमन वरचा मेन बंद करून निर्धास्तपणे हात घालेल.

निपाणी_वाचक

थोडं बाजूचं विचारतो. अमेरिकेतून आलेल्या नातेवाइकांनी बाथरूमसाठी टेस्ट-रिसेटचं बटण असलेलं सॉकेट आणलंय. ते इथे बसवता येईल का? रिसेटचं बटण आत राहतच नाही.

न्यूट्रलची_पट्टी

बसवू नका. ते १२५ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनवलेलं असतं, आपल्या २३० वर आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट जळतं, आणि आपली पिनही त्यात बसत नाही. त्यांचा तो सॉकेट ४ ते ६ मिलिॲम्पियरला पडतो. वीज जोडलेली नसेल तर, किंवा येणारी वीज लाईनच्या स्क्रूंऐवजी लोडच्या स्क्रूंना जोडली असेल तरी, त्याचं रिसेट धरत नाही. म्हणजे हातात घेऊन बटण दाबून बघितल्यास तो बिघडलेला नसतानाही आत राहणार नाही. बाथरूमसाठी आपल्याकडे दोन पोलचा आरसीबीओ मिळतो, त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही कामं एकत्र होतात. ३० मिलिॲम्पियरचा, हीटरसाठी १६ ॲम्पियरचा घ्या.

चिरेबंदी_शहापूर

बाथरूमच्या बोर्डात हीटरची न्यूट्रल सोडवली आणि ३८ ओहम गेले. टाकीवरचं झाकण उघडल्यावर आत पाणी साचलेलं होतं, केबल वरूनच आत आली होती. आत शिरते तिथे केबलची काळी आणि हिरवी तार दोन्ही उघड्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. कॉईल टोक ते टोक २७ ओहम, टाकीच्या बॉडीशी मीटर काही दाखवत नाही. परसातल्या दिव्याच्या बॉक्समध्येही पाणी निघालं. ते वाळवल्यावर ४ लाखांचा आकडा गेला. नवी केबल कशी आणि कोणती टाकू? आणि कॉईल जुनीच ठेवली तर चालेल का?

गच्चीवरचा_सोलर

२ किलोवॅटला ८.७ ॲम्पियर लागतात, अडीच स्क्वेअर एमएमची तीन कोअर तांब्याची केबल पुरेशी आहे. गच्चीवर ती उघडी ठेवू नका, उन्हाने वरचं आवरण तडकतं, पाईपमधून न्या. थर्मोस्टॅटच्या पेटीत ती खालूनच शिरली पाहिजे, ग्लँड (केबल घट्ट धरणारी बूच) बसवून, आणि शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल. पेटीच्या तळाला सर्वांत खालच्या बाजूला ५ मिलिमीटरचं एक भोक ठेवा, आतलं दव बाहेर पडायला. वरची फट सिलिकॉनने बंद करा, तळाची नाही. परसातल्या दिव्यालाही हेच: बॉक्स रबर गास्केटवाला, पाईप खालून, आणि भिंत व बॉक्स यांच्यामधली वरची कड सील.

पाण्याने गंजलेल्या पट्ट्या घासून परत वापरू नका. थर्मोस्टॅट बदला. सैल, गंजलेली जोडणी ८-९ ॲम्पियरवर तापते आणि नवी केबलही टोकाला वितळते.

कॉईलचा निर्णय मल्टिमीटरवर घेऊ नका. कॉईलच्या नळीत भरलेली पांढरी पूड हवेतली ओल शोषते, महिनोन् महिने न वापरलेल्या आणि पाण्यात टोकं बुडालेल्या कॉईलमध्ये तर हमखास. हे ९ व्होल्टवर दिसत नाही. लायसन्स असलेल्या वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने, दोन्ही टोकं एकत्र करून, बॉडीशी मोजून घ्या. १ मेगओहमच्या खाली असेल तर नवी टाका. त्याच फेरीत घरातली बाकी सर्किटंही मेगर करून घ्या, मात्र त्याआधी दोन्ही आरसीसीबी सोडवलेले, एलईडी, फ्रीज, इन्व्हर्टर, सगळं काढलेलं असलं पाहिजे, नाहीतर ५०० व्होल्टने ते मरतील.

टाकीच्या बॉडीला अर्थची तार स्वतंत्र स्क्रूवर, लग लावून घट्ट बसवा. सोलरचं पाणी थेट नळाला येतं, टाकीला अर्थ नसेल तर गळती नळावरच्या हाताला कळते. बोर्डातला सिंगल पोल स्विच काढून २० ॲम्पियरचा डबल पोल स्विच बसवा. मग हीटर बंद केला की न्यूट्रलही तुटेल, आणि पुढे कधी कॉईल गेली तरी तो स्विच बंद करून घरातली बाकीची वीज चालू ठेवता येईल.

चालू करताना टाकी भरलेली आहे याची खात्री गरम पाण्याचा नळ सोडून करा, कोरडी कॉईल मिनिटांत जळते. आणि चालू केल्यावर पहिला तासभर थांबून बघा. कॉईल तापल्यावर तिचं इन्सुलेशन उतरतं, गार असताना वर राहिलेला खटका वीस मिनिटांनी पडला तर दोष कॉईलमध्येच आहे.

परसातला_अर्थ

वॉशिंग मशीन इन्व्हर्टर मोटरचं असेल तर खालच्या आरसीसीबीवर कोणतं चिन्ह आहे तेही बघून घ्या. चौकोनात नुसती एक नागमोडी लाट असेल तर तो एसी प्रकारचा. लाटेखाली अर्ध्या लाटांची दुसरी ओळ असेल तर ए प्रकारचा. इन्व्हर्टर मोटरच्या मशीनमधून आणि एअर कंडिशनरमधून तुटक, एकाच दिशेचा करंट गळू शकतो, तो एसी प्रकाराला नीट कळत नाही, आणि जास्त झाला तर साधी गळतीही कळेनाशी होते. पुढे कधी बदलायची वेळ आली तर ए प्रकारचा घ्या. तोवर दर महिन्याला टेस्टचं बटण दाबत जा, मेन चालू असताना.